एका ‘टिक’चं टेक्निक!

तुमच्या व्हर्च्युअल मशीनमधला प्रोसेसर स्वतःचं नावसुद्धा स्वतः सांगत नाही, माहीत आहे का? ‘तू कोण, तुला काय काय येतं?’ असं विचारलं की तो गप्प! उत्तर देतो पडद्यामागचा सूत्रधार. त्याचं नाव हायपरवायझर.

हायपरवायझर म्हणजे एका खऱ्याखुऱ्या सर्व्हरवर दहा-वीस, कधी शंभर कॉम्प्युटर थाटून देणारं सॉफ्टवेअर. ईएसएक्सआय, हायपर-व्ही, केव्हीएम, झेन, व्हर्च्युअलबॉक्स ही त्यातली स्टार मंडळी. थाटलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला म्हणायचं व्हीएम आणि त्याच्या मेंदूला व्हीसीपीयू. आता खरी गंमत बघा. या मेंदूतली कोणती कौशल्यं चालू आणि कोणती बंद, हे एखाद्या टिकमार्कवर किंवा सेटिंगमधल्या एका शब्दावर ठरतं. यातली कितीतरी जबरदस्त कौशल्यं मुळातच ‘ऑफ’ असतात. चला, एकेक ‘ऑन’ करत जाऊ!

बायोडेटा दाखवा!

१९९३ साली पेंटियम आली आणि सोबत एक भन्नाट इन्स्ट्रक्शन आली: सीपीयूआयडी. ऑपरेटिंग सिस्टिम बूट होताना ती चालवते आणि चिप चार रजिस्टरांमध्ये आपला बायोडेटा भरून देते. एईएस म्हणजे एन्क्रिप्शन येतं का? एव्हीएक्स म्हणजे एका दमात अनेक आकड्यांची गणितं येतात का? एकेका कौशल्याला एकेक बिट. १ म्हणजे येतं, ० म्हणजे नाही. विषय संपला.

माहीत आहे का, इंटेलच्या चिपवर व्हीएमला ही इन्स्ट्रक्शन कधीच थेट चालवता येत नाही? व्हीएमनं प्रश्न विचारला रे विचारला की चिप तिला जागच्या जागी थांबवते आणि कारभार हायपरवायझरच्या हाती देते. तो त्याला हवं ते उत्तर भरतो, मग व्हीएम पुढे सरकते. या मधल्या थांब्याला म्हणतात व्हीएम एक्झिट. म्हणजे व्हीसीपीयूला एखादं फीचर द्यायचं तर पहिली पायरी एवढीच, शून्याचा एक करा!

दुसरी पायरी मात्र घाम काढते. बिट दाखवला की शब्द पाळावा लागतो. नव्या फीचरसोबत नवी रजिस्टरं आली, तर चिप एका व्हीएमवरून दुसरीकडे जाताना ती जपून ठेवायची, परत आल्यावर जशीच्या तशी भरायची. हे सगळं हायपरवायझरच्या माथी.

आणि हे ऐका! एईएसचा बिट लपवला, तरी एईएसच्या इन्स्ट्रक्शन चालतातच. एखाद्या व्हीएमपुरतं त्यांना अडवायची सोयच हायपरवायझरकडे नाही. शहाणं सॉफ्टवेअर बायोडेटा वाचतं, ‘येत नाही’ लिहिलेलं दिसलं की वापरत नाही, आणि मग एन्क्रिप्शनचं सगळं ओझं साध्या इन्स्ट्रक्शनवर पडतं. ताकद अंगात आहे, पण कागदावर नाही म्हणून वाया!

सही, एकदम सही!

प्रत्येक चिप कंपनीची सीपीयूआयडीमध्ये एक सही असते. इंग्रजी बरोब्बर बारा अक्षरांची. इंटेल सही करते ‘जेन्युइनइंटेल’. एएमडी म्हणते ‘ऑथेंटिकएएमडी’. सायरिक्सनं तर थेट चिमटाच काढला होता: ‘सायरिक्सइन्स्टेड’, म्हणजे त्यांच्याऐवजी आम्ही! पण नंबर एकचा खट्याळपणा एएमडीचा. त्यांच्या के-५ चिपच्या सुरुवातीच्या नमुन्यांवर सही होती ‘एएमडीइजबेटर!’, उद्गारचिन्हासकट. भांडण ट्रान्झिस्टरपर्यंत नेलं म्हणायचं!

हायपरवायझरांनाही अशीच बारा अक्षरांची सही करायची जागा आहे. बारा अक्षरं भरायची कशी? जागा भरून काढण्याच्या युक्त्या बघा. व्हीएमवेअर स्वतःचं नाव दोनदा लिहिते. झेनचं ‘झेनव्हीएमएम’ही दोनदाच. व्हर्च्युअलबॉक्सचं ‘व्हीबॉक्स’ तीनदा. केव्हीएमही तीनदा, तरी तीन घरं रिकामी राहतात, ती शून्यांनी भरलेली. मायक्रोसॉफ्टची ‘मायक्रोसॉफ्ट एचव्ही’ मधल्या रिकाम्या जागेसकट बारांत चपखल बसते.

आणि पॅरलल्स हा आणखी एक हायपरवायझर? त्यांच्या सहीतली चार-चार अक्षरांची प्रत्येक जुडी चक्क उलटी आहे! बाइट्सचा क्रम उलटा पडला की असंच होतं. ती सही आजही तशीच ओळखली जाते.

बिट नंबर ३१

सीपीयूआयडीच्या एका उत्तरात ३१ क्रमांकाचा एक बिट आहे. खऱ्या चिपवर तो कायम शून्य. हायपरवायझर तो एक करतो आणि व्हीएमला कळतं: अच्छा, आपण व्हर्च्युअल आहोत तर! अख्ख्या अस्तित्वाचा प्रश्न एका बिटात सुटला.

या बिटानं कित्येक गेमर्सची झोप उडवली होती, माहीत आहे का? घरच्या लिनक्स मशीनवर विंडोजची व्हीएम थाटायची, तिला अख्खं ग्राफिक्स कार्ड देऊन टाकायचं आणि आत गेम खेळायचा, असा मस्त बेत. पण एनव्हिडियाच्या जीफोर्स ड्रायव्हरला व्हीएमचा वास आला की तो काम बंद करायचा आणि दाखवायचा ‘एरर कोड ४३’. मग मंडळींनी काय केलं? केव्हीएमची सही लपवली, विंडोजसाठी दाखवल्या जाणाऱ्या हायपर-व्हीच्या सहीच्या जागी मनाला येतील ती बारा अक्षरं टाकली, आणि ड्रायव्हर खुशाल फसला. एरर ४३ची, उपाय ४२०चा! अखेर मार्च २०२१ मध्ये ४६५ मालिकेच्या ड्रायव्हरपासून एनव्हिडियानं ही अडवणूक अधिकृतपणे सोडली. लपाछपी खतम, गेम सुरू!

नाव मोठं नाही, लक्षणं तपासा

टास्क मॅनेजरमध्ये कधी ‘कॉमन केव्हीएम प्रोसेसर’ असं नाव दिसलंय? किंवा ‘क्यूईएमयू व्हर्च्युअल सीपीयू व्हर्जन २.५ प्लस’? अशी कुठलीच चिप जगातल्या कुठल्याही फॅक्टरीत बनलेली नाही! ही नावं केव्हीएमच्या जोडीनं चालणाऱ्या क्यूईएमयू या सॉफ्टवेअरनं ठेवलेली आहेत. खाली सर्व्हर कितीही नवा आणि महागडा असो, व्हीएमला दिसतो हा साधासुधा, जुन्या वळणाचा प्रोसेसर. हे नाव दिसलं तर सावध व्हा. बरीच कौशल्यं झाकलेली असण्याची दाट शक्यता आहे.

जाता जाता: क्यूईएमयूचा जनक फ्रान्सचा फॅब्रिस बेलार्ड. २००३ मध्ये त्यानं हे काढलं. व्हिडिओच्या दुनियेतला एफएफएमपेगही त्याचाच. आणि २००९ च्या अखेरीस या गृहस्थानं पाय या संख्येचे जवळपास २.७ लाख कोटी अंक काढून विश्वविक्रम केला. सुपरकॉम्प्युटरवर? छे! साध्या डेस्कटॉपवर. पायचा प्रवास पीसीवर!

पण बंद का ठेवतात?

सगळी कौशल्यं पहिल्या दिवसापासून चालूच का नसतात? उत्तर आहे लाइव्ह मायग्रेशन. व्हीएम चालू असताना, आतल्या कुणाला पत्ताही न लागता, तिला एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचं. व्हीएमवेअरनं व्हीमोशन नावानं २००३ मध्ये हे करून दाखवलं, तेव्हा बघणाऱ्यांना जादूच वाटली.

आता कल्पना करा. व्हीएम बूट झाली नव्या सर्व्हरवर. तिथे एव्हीएक्स-५१२ दिसलं, सॉफ्टवेअर ते वापरायला लागलं. मग व्हीएम गेली जुन्या सर्व्हरवर, जिथे ते नाहीच. पुढची इन्स्ट्रक्शन आली आणि धाडकन क्रॅश! म्हणून क्लस्टरचा हिशोब पंगतीतल्या आमटीसारखा: पानावरच्या शेवटच्या पाहुण्याला झेपेल तेवढंच तिखट. व्हीएमवेअरमध्ये या सोयीचं नाव ईव्हीसी. हायपर-व्हीमध्ये त्यासाठी प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये कम्पॅटिबिलिटीचा एक टिकमार्क असतो. प्रत्येक सर्व्हरला जे येतं तेवढंच सगळ्या व्हीएमना दाखवायचं.

केव्हीएमच्या दुनियेत तीन वाटा आहेत. (होस्ट म्हणजे खालचा खरा सर्व्हर.) ‘होस्ट-पासथ्रू’ म्हणजे खालच्या चिपला जे येतं आणि केव्हीएमला जे पेलतं, ते सगळं वर. ‘होस्ट-मॉडेल’ म्हणजे खालच्या चिपशी जास्तीत जास्त जुळणारं ओळखीचं मॉडेल. आणि ‘कस्टम’ म्हणजे मॉडेल तुम्ही निवडा, मग अधिक-उणेचं चिन्ह लावून एकेक फीचर जोडा किंवा काढा. माझं मत विचाराल तर एकच सर्व्हर असेल आणि व्हीएम कुठे हलवायचीच नसेल, तर पासथ्रूला पर्याय नाही. पैसे मोजून घेतलेली चिप पूर्ण वापरा की!

‘इनव्हेरियंट टीएससी’ हे फीचर माहीत आहे का? व्हीएमला अचूक, न डगमगणारं घड्याळ देतं. पण क्यूईएमयूमध्ये ते चालू केलं की नेहमीच्या सेटिंगमध्ये लाइव्ह मायग्रेशन बंद! कारण दुसऱ्या सर्व्हरच्या घड्याळाचा वेग वेगळा असू शकतो. टाइम हवा की ट्रॅव्हल, एक काय ते निवडा.

बूटच होत नाही हो!

काही फीचर्स शोभेची नसतात. ती नसली तर गाडी स्टार्टच होत नाही.

२०२० मध्ये ६४-बिट पीसी चिपचे स्तर ठरवण्यात आले: व्ही-१ ते व्ही-४. त्यानंतर आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ नं जाहीर केलं की किमान व्ही-२ पाहिजेच. मग झालं काय? खाली दणदणीत सर्व्हर, पण व्हीएमचं मॉडेल राहिलेलं जुनं ‘केव्हीएम६४’. बूट सुरू होताच मेसेज: सीपीयूला व्ही-२ येत नाही. आणि पाठोपाठ कर्नल पॅनिक! हार्डवेअर बदलायची अजिबात गरज नाही. मॉडेलचं नाव बदला, दोन मिनिटांत पॅनिक शांत.

मोंगोडीबी या लोकप्रिय डेटाबेसची पाचवी आवृत्तीही अशीच हट्टी. पीसी चिपवर तिला एव्हीएक्स लागतंच. एव्हीएक्स इंटेलनं २०११ मध्ये आणलं, म्हणजे कुठल्याही धडधाकट सर्व्हरवर ते असणारच. तरीही व्हीएमच्या बायोडेटात बिट शून्य असेल तर मोंगो आत पाऊल टाकत नाही.

केव्हीएमवर उभं असलेलं प्रॉक्समॉक्स वापरणाऱ्यांसाठी आनंदाची बातमी: २०२३ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून नव्या व्हीएमला व्ही-२ आणि वर एईएस असं मॉडेल आपोआप मिळतं. जुन्या व्हीएम मात्र जुन्याच मॉडेलवर बसून असतात. त्यांना हलवणं तुमच्या हाती!

कुलूप बायोसमध्ये, चावी पण तिथेच

हायपरवायझर चालायला चिपचं व्हर्च्युअलायझेशन चालू लागतं. इंटेलच्या चिपमध्ये त्यासाठी एक छोटं रजिस्टर आहे, आणि त्यात चक्क एक ‘लॉक बिट’! बायोसनं फीचर बंद ठेवून लॉक बिट लावला की मशीन रीसेट होईपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिमनं कितीही डोकं आपटलं तरी ते उघडत नाही. म्हणून तर प्रत्येक गाइडची पहिली ओळ असते: आधी बायोसमध्ये जा.

या एका कुलपानं मायक्रोसॉफ्टलाही माघार घ्यायला लावली, माहीत आहे का? २००९ मध्ये विंडोज ७ सोबत ‘एक्सपी मोड’ आला. जुनी सॉफ्टवेअरं चालवायला आत अख्खी एक्सपीची व्हीएम! अट एकच, चिपचं व्हर्च्युअलायझेशन हवं. पण कित्येक पीसींत ते नव्हतं, किंवा होतं आणि बायोसमध्ये बंद होतं. मार्च २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टनं अटच काढून टाकली.

सतरा विघ्नं!

व्हर्च्युअलायझेशनचं व्याकरण १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी मांडलं. चिपचं व्हर्च्युअलायझेशन सरळपणे करता यायला काय लागतं, याचा चोख नियम. पेंटियम या नियमात बसते का? नाही! २००० साली एका अभ्यासात तिच्यात नियम मोडणाऱ्या १७ इन्स्ट्रक्शन सापडल्या. परवानगी नसताना त्या ओरडत नाहीत, गुपचूप चुकीचं वागतात. ‘पीओपीएफ’ ही त्यांतली सर्वांत नामचीन.

पण व्हीएमवेअरनं तोवर हा डोंगर पार केलेलाही होता. १९९८ मध्ये पाच जणांनी काढलेल्या या कंपनीनं धोकादायक इन्स्ट्रक्शन चालू असतानाच बदलून टाकायची शक्कल लढवली. कंपनीच्या पहिल्या सीईओ डायन ग्रीन. १९७६ मध्ये त्यांनी अमेरिकेत महिलांची राष्ट्रीय डिंगी शर्यत जिंकली होती! शिडाची होडी ते सर्व्हरची गोडी, असा प्रवास.

चिपवाल्यांनी दुरुस्ती केली नोव्हेंबर २००५ मध्ये. पेंटियम ४ च्या ६६२ आणि ६७२ या दोन मॉडेलांत इंटेलनं व्हीटी-एक्स आणलं. पाठोपाठ मे २००६ मध्ये एएमडी-व्ही. विकासाच्या काळातली टोपणनावं ऐका: इंटेलचं ‘व्हँडरपूल’, एएमडीचं ‘पॅसिफिका’. एकाचा पूल, दुसऱ्याचा अख्खा पॅसिफिक!

चिप तयार झाली आणि लगेच केव्हीएम जन्मलं. क्युमरानेट या छोट्या कंपनीत एव्ही किव्हिटी यांनी ते लिहिलं, ऑक्टोबर २००६ मध्ये जाहीर केलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्स २.६.२० मध्ये ते पोचलंसुद्धा. सप्टेंबर २००८ मध्ये रेड हॅटनं कंपनीच विकत घेतली, १०.७ कोटी डॉलरना. रेड हॅटची मोठी इंजिनिअरिंग टीम आपल्या पुण्यात आहे, हेही लक्षात असू द्या!

व्हीएमच्या पोटात व्हीएम

आता सगळ्या टिकमार्कांचा राजा! नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन. व्हीसीपीयूलाच व्हर्च्युअलायझेशनचं फीचर द्यायचं, म्हणजे व्हीएमच्या आत दुसरा हायपरवायझर, आणि त्याच्या आत आणखी व्हीएम. तंत्रज्ञ मजल्यांना नावं देतात: खरा सर्व्हर एल-०, पहिली व्हीएम एल-१, तिच्या पोटातली एल-२.

ही आयडिया नवी वाटते? आयबीएमनं व्हीएम/३७० ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर केलं, आणि ते स्वतःच्याच पोटात चालायचं! सिस्टिमची नवी आवृत्ती आत चालवून बघायची, बाहेरचं काम बिनधास्त चालू. त्याचा पूर्वज सीपी-४० तर १९६७ चा. खास बदल केलेल्या एका सिस्टिम/३६० मॉडेल ४० वर एकाच वेळी १४ व्हीएम. १४! त्या काळी!

पीसी चिपवर मात्र अडचण अशी की इंटेलनं व्हीटी-एक्स बनवताना हायपरवायझरचा एकच मजला गृहीत धरला. एल-२ मध्ये एक एक्झिट झाली की ती आधी तळमजल्याच्या एल-० कडे जाते. तो ती एल-१ च्या हायपरवायझरला देतो. तो बिचारा ती हाताळताना पुन्हा पुन्हा खास इन्स्ट्रक्शन चालवतो आणि दर वेळी परत एल-० कडे धाव. एका एक्झिटच्या डझनावारी एक्झिट! मग २०१० मध्ये आयबीएमच्या हैफा इथल्या संशोधकांनी ‘टर्टल्स प्रोजेक्ट’ मांडला. नेहमीच्या कामांसाठी एकमजली व्हीएमपेक्षा वेग फक्त ६ ते ८ टक्क्यांनी कमी! ओएसडीआय या नामांकित परिषदेत या पेपरला सर्वोत्कृष्ट पेपरचा पुरस्कार मिळाला. नाव कासवाचं, वेग सशाचा. पुढे इंटेलनं २०१३ च्या हॅसवेल चिपमध्ये खास नेस्टेडसाठी ‘शॅडो व्हीएमसीएस’ दिलं आणि धावाधाव आणखी कमी झाली.

तरी भरवसा बसायला वेळ लागला. केव्हीएममध्ये इंटेल चिपवर हे फीचर मुळातूनच चालू झालं ते लिनक्स ४.२० पासून, डिसेंबर २०१८ मध्ये. त्याआधी मॉड्यूल लोड करताना ‘नेस्टेड बरोबर एक’ असं हातानं सांगावं लागायचं. व्हर्च्युअलबॉक्सनं ६.० मध्ये आधी एएमडीला मान दिला, इंटेलला वर्षभर थांबून ६.१ मध्ये. मायक्रोसॉफ्टनं नेमकं उलट केलं: हायपर-व्हीमध्ये २०१६ पासून इंटेल, आणि एएमडीची पाळी विंडोज ११ व सर्व्हर २०२२ च्या वेळी. फिटंफाट!

हायपर-व्हीत हे करायला पॉवरशेलची एक ओळ पुरते: ‘सेट-व्हीएमप्रोसेसर’, पुढे व्हीएमचं नाव, मग ‘एक्सपोज व्हर्च्युअलायझेशन एक्स्टेन्शन्स’, आणि ‘ट्रू’. अट एकच, व्हीएम बंद हवी. आतल्या व्हीएमला नेटवर्क मिळत नाहीये? मग मॅक ॲड्रेस स्पूफिंगचा टिकमार्कही लावा. व्हीएमवेअरमध्ये प्रोसेसरच्या पानावर सरळ एक चौकोन आहे, टिक करा आणि मोकळे व्हा.

क्लाउडची तऱ्हा आणखी मजेदार. गूगलनं २०१७ मध्ये ही सोय दिली तेव्हा डिस्क इमेजवर ‘एनेबल-व्हीएमएक्स’ नावाचं खास लायसन्स लावावं लागायचं. फीचरला लायसन्सचा शिक्का! ॲझ्युअरनंही त्याच वर्षी डीव्ही-३ आणि ईव्ही-३ या मशीनवर नेस्टेड खुलं केलं. मायक्रोसॉफ्टचं ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र आहे पुण्यात, २०१५ पासून. ॲमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत, गूगलही २०१७ मध्ये मुंबईत. म्हणजे तुमची क्लाउडवरची व्हीएम ढगात नाही, कदाचित द्रुतगती मार्गाच्या या टोकाला किंवा त्या टोकाला आहे.

मोबाइलछाप आर्म चिपही मागे नाहीत. ॲपलनं २०२४ मध्ये मॅकओएस १५ सोबत नेस्टेड दिलं, पण फक्त एम-३ आणि त्यापुढच्या चिपवर. आर्मवरच्या लिनक्समध्ये ते ६.१६ मध्ये आलं, जुलै २०२५ मध्ये. कित्येक वर्षांच्या कष्टानंतर! आणि तेही मुळात बंद. हवं असेल तर बूट करताना सांगा.

विंडोजला विंडोजच वाटावं म्हणून

लिनक्सचा केव्हीएम विंडोजसमोर चक्क मायक्रोसॉफ्टचा वेश घेतो, माहीत आहे का? विंडोजला हायपर-व्हीची भाषा कळते. मग क्यूईएमयूमध्ये ‘एचव्ही’नं सुरू होणारी फीचर्स जोडायची आणि केव्हीएमनं ती भाषा बोलायची. यांना म्हणतात एनलायटनमेंट्स. नाव मोठं ज्ञानी, काम एकदम व्यवहारी!

त्यातलं ‘एचव्ही-रिलॅक्स्ड’ माझं लाडकं. सर्व्हरवर ताण आला की व्हीसीपीयूला क्षणभर थांबावं लागतं. विंडोजचा वॉचडॉग म्हणतो, सीपीयू लटकला, आणि निळा स्क्रीन टाकतो. हे फीचर त्याला सांगतं, थोडं सबुरीनं घे. ‘एचव्ही-टाइम’ वेळ विचारण्याचा खर्च वाचवतं. विंडोजची व्हीएम आळसावली असेल तर आधी ही यादी तपासा. बरेचदा फरक लगेच जाणवतो.

सुरक्षेचाही फ्लॅग फडकवा

जानेवारी २०१८. मेल्टडाउन आणि स्पेक्टर या चिपमधल्या सुरक्षा-त्रुटी उघड झाल्या! मायक्रोकोड आले, पॅच आले, सगळ्यांनी होस्ट अपडेट केले. पण व्हीएमला चिपच्या नव्या संरक्षण-सोयी दिसायच्या तर त्यांचे बिटही बायोडेटात हवेत. म्हणून क्यूईएमयूमध्ये ‘आयबीआरएस’ शेपूट लावलेली नवी मॉडेलं अवतरली. ‘पीसीआयडी’ हा एक जुना, दुर्लक्षित फ्लॅग तर रातोरात हीरो झाला. मेल्टडाउनच्या पॅचमुळे वेग घटत होता आणि पीसीआयडी चालू असेल तर ती घट बरीच कमी. हा बिट तेवढा नक्की तपासा, कळकळीनं सांगतोय!

उलटी कथाही आहे. इंटेलनं मोठ्या हौसेनं ‘टीएसएक्स’ म्हणजे ट्रॅन्झॅक्शनवालं फीचर आणलं. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यात बग निघाला आणि मायक्रोकोडनं ते बंद करावं लागलं. ट्रॅन्झॅक्शन डिक्लाइन्ड! त्याची आठवण क्यूईएमयूच्या यादीत आजही आहे: ‘हॅसवेल-नोटीएसएक्स’.

परमिशन घेतली का?

काही फीचर्स इतकी भारदस्त की त्यांना आधी परवानगी लागते. इंटेलचं एआयसाठीचं एएमएक्स बघा. आठ टाइल्स, प्रत्येक एक केबीची. म्हणजे एका व्हीसीपीयूचा आठ केबी जादा डेटा सांभाळायचा. म्हणून लिनक्समध्ये व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला आधी कर्नलकडे रीतसर अर्ज करावा लागतो, मगच पाहुण्याला एएमएक्स!

आर्मचं ‘एसव्हीई’ त्याहून कडक. व्हीसीपीयू तयार करतानाच मागायचं, व्हेक्टरची लांबी ठरवायची, मग ‘फायनलाइझ’ म्हणायचं. एकदा म्हटलं की लांबी बदलता येत नाही. लांबी किती असू शकते? १२८ ते २०४८ बिट.

४ ते २०४८!

रेकॉर्ड हवाय? हायपर-व्हीच्या एका व्हीएमला २००८ मध्ये जास्तीत जास्त ४ व्हीसीपीयू मिळायचे. सर्व्हर २०१२ मध्ये ६४. २०१६ मध्ये २४०. २०२२ मध्ये १०२४. आणि सर्व्हर २०२५ मध्ये २०४८! साधारण सोळा वर्षांत ५१२ पट.

तुमचा घरचा लॅपटॉपही यात आहे बरं का! विंडोज ११ वर हायपर-व्ही चालू असेल, तर तुमचं मुख्य विंडोजही थेट चिपवर चालत नसतं. तेही हायपरवायझरच्या वरच असतं, फक्त मानाच्या जागी.

या ताकदीची काळी बाजूही एकीनं दाखवली होती. २००६ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत जोआना रुतकोव्स्का यांनी ‘ब्लू पिल’ सादर केली: चालू असलेल्या सिस्टिमच्या खाली गुपचूप हायपरवायझर सरकवायचा, सिस्टिमला कळूही नये असा. नाव ‘मेट्रिक्स’ सिनेमातल्या गोळीवरून. म्हणूनच नेस्टेडचा टिकमार्क सरसकट सगळ्या व्हीएमना देऊ नका. ज्या व्हीएमला खरंच गरज आहे तिलाच द्या.

आता हात लावा कीबोर्डला! लिनक्सच्या व्हीएममध्ये ‘एलएससीपीयू’ टाइप करा. हायपरवायझर कोण ते एका ओळीत दिसेल आणि सोबत फ्लॅगची लांबलचक यादी. ‘एईएस’ आहे? ‘एव्हीएक्स’ आहे? ‘पीसीआयडी’ आहे? नेस्टेडसाठी इंटेलवर ‘व्हीएमएक्स’, एएमडीवर ‘एसव्हीएम’ दिसतंय? नसेल तर होस्टवर जा, मॉडेल बदला. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बदल केल्यावर व्हीएमच्या आतून नुसता रीस्टार्ट चालत नाही. व्हीएम पूर्ण शटडाउन करा, मग नव्यानं स्टार्ट करा, तरच नवा फ्लॅग लागू होतो.